एक दार आणि त्यामागच्या बायका

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनायससच्या नाट्यगृहाचे अवशेष आहेत. आज तिथे दिसणारी दगडी आसनं पुष्कळ नंतरची. इ.स.पू. पाचव्या शतकातलं नाट्यगृह साधं होतं: बसायला डोंगरउतार, खाली वृंदासाठी, म्हणजे नाचत-गात बोलणाऱ्या गटासाठी, सपाट पटांगण आणि पटांगणामागे लाकडी इमारत. त्या इमारतीला एक मोठं दार. ग्रीक शोकात्मिकांमधल्या स्त्रियांविषयी बोलताना बहुतेक जण स्वभावापासून सुरुवात करतात. कोण सूडाने पेटलेली, कोण सोशिक, कोण बंडखोर. मी दारापासून सुरुवात करीन. कोण बाहेर आली, कोण आत गेली, जाताना बोलली की न बोलता गेली, एवढं टिपत गेलं तरी या बायका वेगळ्या दिसू लागतात.

हे दार रंगभूमीवर पहिल्यापासून नव्हतं. एस्किलसचं ‘पर्शियन्स’ इ.स.पू. ४७२ मधलं, आणि त्या नाटकाला इमारत लागतच नाही. एक कबर आणि मोकळी जागा पुरते. जिच्यावाचून नाटकच उभं राहणार नाही अशी इमारत आपल्याला प्रथम भेटते ती त्याच्याच ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत, इ.स.पू. ४५८ मध्ये. ‘अ‍ॅगामेम्नॉन’ सुरू होतं तेव्हा छतावर पहारेकरी पडलेला असतो, आणि घरात राज्य करणाऱ्या बाईचं हृदय पुरुषासारखे बेत आखतं, असं तो अकराव्या ओळीतच सांगून टाकतो. नव्या दाराचा ताबा एस्किलसने पहिल्याच खेपेला बाईकडे दिला. राणी क्लायटेम्नेस्ट्रा ठरवते तोच आत जातो.

ट्रॉय जिंकून राजा रथातून परततो. ती दारात येते आणि नवऱ्याशी न बोलता आधी नगरातल्या म्हाताऱ्यांशी बोलते, भरपूर बोलते. माझ्या गैरहजेरीसारखंच तुझं भाषणही लांबलं, असं तो तिला सुनावतो. मग ती रथापासून दारापर्यंत जांभळट लाल, किमती वस्त्रं अंथरायला लावते. त्यांवर पाय ठेवणं देवांनाच शोभतं, मी ठेवणार नाही, असं तो म्हणतो. त्यानंतरची झटापट एकास एक ओळीची आहे, जेमतेम तेरा ओळींची. तेवढ्यात तो पायातली पादत्राणं काढायला सांगतो आणि चालू लागतो. समुद्र आहे, तो कोण आटवणार, असं ती म्हणते. हा रंग समुद्रातल्या शिंपल्यांतून निघतो म्हणून. पण वस्त्रं घरातली आहेत. विणकाम हे ग्रीक घरात बायकांचं काम. राजा तुडवत जातो ती घराची शिल्लक, आणि आत न्हाणीघरात ज्यात अडकून तो मरतो तेही वस्त्रच, माशाच्या जाळ्यासारखं गुंडाळणारं. तिचं हत्यार माजघरातून आलेलं आहे.

एक जण मात्र तिला बधत नाही. राजाबरोबर कसांड्रा आली आहे, लुटीतली राजकन्या. ती सुमारे तीनशे ओळी गप्प उभी असते. प्रेक्षकाने तिला मूकपात्र समजावं अशीच ती योजना आहे. तिसरा बोलणारा नट ही तेव्हा अलीकडची सोय होती. क्लायटेम्नेस्ट्रा तिला आत बोलावते, रागावते, शेवटी हार मानून एकटीच आत जाते. आणि मग कसांड्रा किंचाळते. तो आवाज शब्द नसलेला आहे, नुसता हंबरडा. हळूहळू त्याचे शब्द होतात, आणि या घरात पूर्वी मारलेली मुलं आणि आता मरणारा राजा तिला दोन्ही दिसतं. शेवटी ती स्वतःच्या पायांनी दाराकडे जाते, रक्ताच्या वासाने मागे सरते, आणि तरी आत जाते. या प्रसंगात दिग्दर्शक हमखास चूक करतात ती अशी: कसांड्राला आल्यापासून वेडीवाकडी हालचाल देतात. मग किंचाळीला काही अर्थ उरत नाही. तीनशे ओळींची शांतता हीच त्या किंचाळीची किंमत आहे.

त्रयीच्या दुसऱ्या नाटकात दार क्लायटेम्नेस्ट्रावर उलटतं. मुलगा ओरेस्टिस बापाचा सूड घ्यायला परक्या वाटसरूच्या वेशात येऊन दार ठोठावतो. ती आतिथ्य करते: गरम पाण्याची सोय आहे, बिछाना आहे. ज्या घरात गरम पाण्यात नवरा मारला त्याच घरात ही ती सहज म्हणून जाते. पुढे तोच मुलगा तलवार घेऊन समोर उभा राहिला की ती छाती उघडी करून त्याला दूध पाजल्याची आठवण देते. पण त्याआधीच एस्किलसने एक म्हातारी दाई, किलिसा, रंगमंचावर आणून ठेवली आहे. बाळाला भूक लागली की तहान लागली की शू लागली हे कळायचं नाही, अंदाज चुकायचा आणि दुपटी धुवावी लागायची, असं ती रडत सांगते. शोकात्मिकेत दुपट्यांना जागा मिळते, तीही राजवाड्यातल्या सूडाच्या ऐन मध्यावर. आईच्या दाव्यासमोर दासीच्या हाताचं काम ठेवलं आहे, आणि निकाल कवी देत नाही.

तिसऱ्या नाटकात आईला मारल्याबद्दल ओरेस्टिसवर खटला चालतो, आणि त्याच्या बाजूने देव अपोलो कोर्टात युक्तिवाद करतो की आई ही जन्मदात्री नव्हेच, बीज सांभाळणारी परकी बाई. पुरावा म्हणून बिनआईची देवी अथीना दाखवतो. हे वाचून पुष्कळ जण पुस्तक मिटतात. त्यांनी आणखी थोडं वाचावं. मतं समसमान पडतात. अथीना सरळ सांगते की मला आई नाही, म्हणून माझं मत ओरेस्टिसला. एवढा मोठा देव वकील असूनही न्यायसभेतल्या इतक्या जणांना ते पटलेलं नाही, हे एस्किलसने मोजून दाखवलं आहे.

आता हे करत कोण होतं, तेही पाहायला हवं. लिहिणारे पुरुष, गाणारे पुरुष, नट पुरुष. प्रेक्षकांत स्त्रिया होत्या की नाही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बोलणारे नट तीनच, आणि सगळ्या भूमिका त्यांच्यात वाटायच्या. वृंद आधी बाराचा, सोफोक्लीसने तो पंधराचा केला. मुखवटे तागाच्या कापडाचे, केसांसकट पूर्ण डोकं झाकणारे, बाईचा चेहरा पांढरट रंगवलेला. मुखवट्याला अश्रू येत नाहीत, म्हणून अश्रू संवादात लिहावे लागतात. ‘मेडिया’त जेसन बायकोला विचारतो, तुझे डोळे का भरून आले, गोरा गाल का वळवलास? तिथे नटाने फक्त मान फिरवायची. बाकीचं काम ओळ करते.

आपल्याला स्त्रीपार्टी नट म्हटलं की बालगंधर्व आठवतात: नेसणं, चालणं, दागिने, बायकांनी अनुकरण करावं असं ते रूप. ग्रीक रंगभूमीचा मार्ग वेगळा होता. तिथे एकच नट एका प्रवेशात बाई आणि पुढच्या प्रवेशात तिचा नवरा होई. सोफोक्लीसच्या ‘ट्राखिनियाई’त डीआनायरा आणि हेराक्लीस एकदाही समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे दोघांना एकच नट पुरतो. युरिपिडीसच्या ‘बाक्काई’त राजा पेन्थ्यूस आणि त्याला फाडून मारणारी आई अगावी या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आई हातात मुलाचं मुंडकं घेऊन नाचत येते तेव्हा त्या नटाच्या हातात त्याने थोड्या वेळापूर्वी स्वतः चढवलेला मुखवटा असतो. त्याआधी त्याच पेन्थ्यूसला बाईचा वेश देऊन डायोनायसस त्याच्या झग्याची घडी नीट करतो, आणि राजा मागे वळून कड सरळ आहे का ते विचारतो. पुरुषांनी बायका करायच्या या कलेविषयी याहून धीट प्रवेश मला माहीत नाही.

या भूमिकांना मान किती होता, त्याची एक खूण अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याच्या भाषणात मिळते. अँटिगनीची भूमिका थिओडोरस आणि अ‍ॅरिस्टोडेमस हे नामांकित नट करत आणि राजा क्रिऑन तिसऱ्या दर्जाच्या नटाकडे जाई, असं तो आपल्या विरोधकाला हिणवताना सांगतो. तो विरोधक पूर्वी नट होता. या नाटकाचा खरा नायक क्रिऑनच, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोलस नावाच्या नटाची हकीकत ऑलस गेलियसने नोंदवली आहे. सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त बहिणीला भावाच्या अस्थींचा कलश हाती घेऊन विलाप करायचा असतो. पोलसचा मुलगा नुकताच वारला होता. त्याने थडग्यातून मुलाचाच कलश आणला आणि इलेक्ट्राच्या झग्यात उभा राहून तो कवटाळून रडला. बाईचा विलाप हाच पुरुषाला रडायचा रस्ता होता. आणि तो विलाप नगराला धोक्याचा वाटे. अंत्ययात्रेत गाल ओरबाडायला आणि रचलेले विलाप गायला अथेन्सचा कायदेकर्ता सोलन याच्या कायद्याने मनाई केली होती, असं प्लूटार्क सांगतो. रस्त्यावर जे आवरायला लावलं तेच रंगमंचावर वर्षावर्षाला पूर्ण गळ्याने गायलं गेलं.

मेडियाकडे यायला मी मुद्दाम उशीर केला, कारण तिच्याआधी कायदा माहीत असावा लागतो. अथेन्सच्या स्त्रीला जन्मभर पालक लागे: आधी बाप, मग नवरा, पुढे मुलगा. ‘पिता रक्षति कौमारे’ हा मनुस्मृतीतला श्लोक इथे आपल्या वाचकाला आठवणारच. एका मेडिम्नॉसहून, म्हणजे सुमारे ५२ लिटर सातूहून, अधिक किमतीचा व्यवहार तिला स्वतःच्या नावाने करता येत नसे. घटस्फोट झाला तर हुंडा माहेरी परत करावा लागे, नाहीतर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. हे तिचं संरक्षण होतं, पण त्यासाठी माहेर असावं लागे. आणि अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानुसार आई आणि बाप दोघंही अथेन्सचे नागरिक असतील तरच मूल नागरिक ठरे.

मेडियाकडे यातलं काहीच नाही. ती परदेशी, बाप सोडून आलेली, भाऊ मारलेला, आणि आता नवरा जेसन तिला टाकून कॉरिन्थच्या राजकन्येशी लग्न करतो आहे. नाटक कॉरिन्थमध्ये घडतं, पण समोर बसलेले अथेन्सचे लोक तिला आपल्याच कायद्याच्या डोळ्यांनी पाहत असणार. सुरुवातीला ती दिसतच नाही. आतून तिचं ओरडणं ऐकू येतं आणि बाहेर दाई सांगते, मुलांना तिच्या नजरेसमोर नेऊ नका. मग २१४ व्या ओळीला ती बाहेर येते, आणि तिचं पहिलं वाक्य हेच आहे: कॉरिन्थच्या बायांनो, मी घराबाहेर आले. आतल्या किंकाळ्यांचा मागमूस नसलेलं, वकिलाच्या तोलाचं भाषण ती करते. भरमसाट पैसे मोजून आपण नवरा विकत घ्यायचा आणि वर तो आपल्या शरीराचा धनी. आम्ही घरात सुखरूप असतो आणि ते भाले घेऊन लढतात, असं म्हणतात. एकदा बाळंत होण्यापेक्षा मी तीनदा ढालीशेजारी उभी राहीन.

हे इ.स.पू. ४३१ च्या वसंतात म्हटलं गेलं, पेलोपोनेशियन युद्ध सुरू होण्याच्या उंबरठ्यावर. त्या स्पर्धेत युरिपिडीस तिघांत तिसरा आला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, युद्धातल्या पहिल्या मृतांना निरोप देताना, पेरिक्लीसने विधवांना सांगितलं की स्तुतीने असो वा निंदेने, जिचं नाव पुरुषांच्या तोंडी कमीत कमी येईल तिची कीर्ती मोठी. हे थ्युसिडिडीसने लिहून ठेवलं आहे. ‘मेडिया’ आणि हे भाषण यांच्यात एकही वर्ष नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत असं मला फार वाटतं.

मेडियाला वेडी म्हणून उभी करणं ही दुसरी नेहमीची चूक. ती नाटकभर करार करते. तिला हद्दपार करणाऱ्या कॉरिन्थच्या राजाकडून एका दिवसाची मुदत मिळवते (त्याचंही नाव क्रिऑन, पण तो ‘अँटिगनी’तला नव्हे). अथेन्सचा राजा इजियस येतो, त्याच्याकडून आसरा मागते आणि नुसत्या शब्दावर विसंबत नाही. पृथ्वी आणि सूर्याची शपथ घ्यायला लावते. पळून जायची जागा पक्की झाल्यावरच पुढचा बेत बोलून दाखवते. पालकाशिवायची बाई पुरुषांसारखा एकेक व्यवहार पुरा करते, आणि प्रत्येक पुरुष ती बाई आहे म्हणून फसतो. वेडाच्या झटक्यात हे जमत नाही. मुलांना मारण्याआधीच्या लांब स्वगतात ती कितीदा तरी मागे फिरते, मुलांच्या मऊ त्वचेचा, श्वासाचा उल्लेख करते, आणि शेवटी आपण काय करतो आहोत हे आपल्याला ठाऊक आहे असं सांगते. त्या ‘ठाऊक आहे’मध्ये सगळी भीती आहे.

आणि मग दार. मुलांच्या किंकाळ्या आतून आल्या आहेत. जेसन धावत येतो, अडसर काढा म्हणून ओरडतो. तोवर प्रेक्षकांना सवय झालेली असते: दार उघडणार, चाकांचा फळा बाहेर येणार, त्यावर प्रेतं असणार. क्लायटेम्नेस्ट्राच्या वेळी असंच झालं होतं. पण दार बंदच राहतं. मेडिया इमारतीच्या वर प्रकटते, सूर्याने दिलेल्या रथात, देवांसाठी राखून ठेवलेल्या यारीवर, मुलांची प्रेतं जवळ घेऊन. दार ठोठावत उभा राहिला आहे तो नवरा. घराबाहेर पडण्याची इतकी भयंकर रीत दुसऱ्या कुणाला सुचली नाही.

सोफोक्लीसचं दार निराळं वाजतं, म्हणजे वाजतच नाही. ‘ईडिपस’मध्ये नवरा हाच आपला मुलगा आहे हे सत्य योकास्टाला ईडिपसच्या आधी कळतं, ती त्याला दुर्दैवी म्हणते, यापुढे तुला दुसरं काही म्हणणार नाही म्हणते, आणि आत जाते. डीआनायराला कळतं की प्रेम परत यावं म्हणून पाठवलेल्या वस्त्राने नवरा जळतो आहे. ती एक शब्द न बोलता आत जाते. ‘अँटिगनी’त क्रिऑनच्या बायकोला, युरिडिसीला, फक्त नऊ ओळी आहेत. मुलाच्या मरणाची हकीकत संपते आणि तीही गुपचूप वळते. तिन्ही वेळा बाहेरचे लोक त्या गप्प जाण्याविषयी बोलतात आणि तिन्ही वेळा आत आत्महत्या घडते. योकास्टा गळफास घेते, डीआनायरा पलंगावर तलवारीने मरते, युरिडिसी वेदीपाशी. तीनदा तेच तंत्र वापरूनही ते झिजत नाही, कारण त्या काय सोसत आहेत ते सांगायला कवी नकार देतो. या जाण्याला पार्श्वसंगीत देऊ नये, हुंदका देऊ नये. मुखवटा वळतो तेवढं पुरे.

अँटिगनीविषयी एकच मुद्दा मांडतो, कारण तिच्यावर बाकी सगळं पुष्कळदा लिहून झालं आहे. नाटक सुरू होतं तेव्हा तिने बहिणीला अंगणाच्या फाटकाबाहेर आणलेलं असतं, कुणी ऐकू नये म्हणून: क्रिऑनची मनाई मोडून तिला मेलेल्या भावाला पुरायचं आहे. देवांचे अलिखित कायदे क्रिऑनला सुनावणारी अँटिगनी सर्वांना आवडते. पण मरायला जाताना, नऊशे चारच्या आसपासच्या ओळींत, ती वेगळंच बोलते: नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूल गेलं तर दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ आता जन्माला येणार नाही, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. जर्मन कवी ग्योटेला हे इतकं खटकलं की कुणीतरी या ओळी प्रक्षिप्त ठरवाव्यात अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. हाच हिशेब हिरोडोटसच्या एका पर्शियन बाईच्या गोष्टीत येतो, आणि अ‍ॅरिस्टॉटलने या ओळी वाचल्या होत्या हे त्याच्या लिखाणावरून नक्की आहे. तरी प्रयोगात त्या अनेकदा कापल्या जातात. मला हे कापणं अन्यायाचं वाटतं. तत्त्व ऐकायला राजा समोर होता तेव्हा ती तत्त्व बोलली. आता तिची बाजू घ्यायला कुणी उरलेलं नाही, कोंडून घातली जायची गुहा समोर आहे, आणि ती स्वतःला समजावते आहे की मी हे कुणासाठी केलं. उत्तर विचित्र आहे, कडवट आहे, एका विशिष्ट भावापुरतं आहे. या ओळी काढल्या की देव्हाऱ्यात ठेवायची मूर्ती उरते, बावरलेली मुलगी जाते.

राहिला तो इ.स.पू. ४१५ चा प्रयोग. त्याआधीच्या हिवाळ्यात अथेन्सने मिलॉस बेट जिंकलं, हाती लागलेले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. मार्चच्या सुमारास युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ सादर केलं. मागची इमारत आता घर नाही, बंदी बायकांचा तळ आहे. म्हातारी राणी हेक्युबा सुरुवातीलाच जमिनीवर पडलेली असते आणि शेवटपर्यंत रंगमंच सोडत नाही.

हेक्युबाच्या मुलाची, हेक्टरची, विधवा अँड्रोमकी लुटीच्या गाडीवर बसून येते, शेजारी नवऱ्याचीच हत्यारं. ती सांगते की चांगल्या बायकोला जे जे करायला सांगतात ते मी सगळं केलं. बाई घराबाहेर दिसली की तेवढ्यानेच बोल लागतो, म्हणून मी बाहेर जायची इच्छाच टाकली आणि घरात राहिले. बायकांच्या कुजबुजीला उंबरा ओलांडू दिला नाही. नवऱ्यासमोर जीभ आवरली, कुठे जिंकायचं आणि कुठे हार घ्यायची ते ओळखलं. याचीच कीर्ती ग्रीक छावणीत पोचली आणि तिनेच माझा घात केला. मला पकडल्यावर अखिलीसच्या मुलाने मलाच बायको म्हणून मागितलं. पेरिक्लीसच्या भाषणाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. ऐकलेले कितीतरी लोक उतारावर बसलेले असणार.

मग दूत तिचं मूल मागायला येतो; त्याला तटावरून खाली टाकायचं ठरलं आहे. तिला त्याचं दफनही करता येत नाही, जहाज निघून जातं. प्रेत दूतानेच नदीत धुऊन आणलेलं असतं. ते हेक्टरच्या ढालीत ठेवून पुरायचं आहे, पेटी नाही म्हणून. हेक्युबा ढाल हातात घेते. मुठीच्या पट्ट्यात हेक्टरच्या हाताचा ठसा तिला दिसतो, आणि काठावर घामाचा डाग, लढताना तो दाढी टेकवायचा तिथे. ती नातवाला त्यात ठेवते. मागे शहर पेटतं. बायका जमिनीवर हात आपटून मेलेल्यांना हाका मारतात, आणि मग बाजूच्या वाटेने, जहाजांच्या दिशेने चालू लागतात.